सिपानचे १,१३७ घडे: मातीच्या जमावाचं प्रकरण

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिपानमधून १९८७ साली निघालेल्या सोन्याचे फोटो जगभर फिरले. त्या सोन्यापर्यंत पोचण्याआधी खणणाऱ्यांच्या हाती मडकी लागली होती. एकाच बंदिस्त जागेत खच्चून भरलेली १,१३७ मडकी. त्यांतली कित्येक माणसाच्या आकाराची, साच्यातून काढलेली आणि घाईत उरकलेली. प्राचीन अमेरिकेतल्या मृतांसाठी ठेवलेल्या घड्यांचा इतका मोठा साठा तोवर कुठल्याही शास्त्रीय उत्खननात मिळाला नव्हता.

यातलं एखादं मडकं उचलून एकटंच टेबलावर ठेवलं, तर मोचे या पेरूच्या प्राचीन संस्कृतीच्या कुंभारकामाचा तो सुमार नमुना ठरेल. मोचे कुंभारांनी खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे जे घडे केले त्यांच्या जवळपासही ते जात नाही. पण ते कुठे होतं, कोणाच्या शेजारी होतं आणि कोणाकडे तोंड करून होतं, हे कळलं की तेच मडकं बोलायला लागतं. सिपानमध्ये ही माहिती हाती आली आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक मातीच्या मूर्तींबाबत ती कायमची गेली आहे. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे.

जागा आणि शोधाचा क्रम

सिपान हे लाम्बायेके खोऱ्यातलं, उसाच्या शेतांनी वेढलेलं गाव. चिक्लायो शहर तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर. गावाला लागून ‘वाका राहादा’ नावाचा परिसर आहे (‘वाका’ म्हणजे इथे कच्च्या विटांचा प्राचीन उंचवटा): कच्च्या विटांचे, पावसाने ओघळून चिरलेले दोन प्रचंड उंचवटे आणि त्यांच्या पुढ्यात एक बुटका चौथरा. मोठे दोन्ही उंचवटे नंतरच्या काळातले. थडगी आहेत ती बुटक्या चौथऱ्यात. हा चौथरा सहा टप्प्यांत वाढत गेला. जुन्या बांधकामावर नवं चढत गेलं आणि वाढत्या टप्प्यांबरोबर त्यात माणसंही पुरली गेली. मोचे संस्कृतीचा काळ ढोबळमानाने इ.स. १०० ते ८००, आणि या चौथऱ्यात सोन्यासह पुरलेला जो उच्चपदस्थ ‘सिपानचा स्वामी’ म्हणून ओळखला जातो तो साधारण इ.स. २५० ते ३००च्या आसपासचा.

फेब्रुवारी १९८७मध्ये चोरांनी या चौथऱ्यातलं एक श्रीमंत थडगं फोडलं. तिकडे अशा चोरांना वाकेरो म्हणतात. वस्तू बाजारात यायला लागल्या, पोलिसांनी छापे घातले, एक चोर गोळीबारात मेला. लाम्बायेकेच्या ब्रूनिंग संग्रहालयाचे संचालक वाल्तेर आल्वा यांनी लुटलेल्या खड्ड्यापासून काम सुरू केलं. गावात राग होता, पैसे तुटपुंजे होते आणि काम सशस्त्र पहाऱ्यात चालायचं. लुटलेला खड्डा साफ करण्यात आठवडे घालवणं अनेकांना वाया वाटलं असतं. पण त्या साफसफाईतून चौथऱ्याचे टप्पे कळले आणि कुठलं बांधकाम मूळचं, कुठलं कापून पुन्हा भरलेलं, हे ओळखता यायला लागलं.

मडक्यांचा साठा त्यानंतर सापडला. घड्यांबरोबर लामाची हाडं, तांब्याचे तुकडे आणि अंग दुमडून घातलेला एका माणसाचा सांगाडा होता. इथे थांबून ‘थडगं मिळालं’ असं जाहीर करता आलं असतं. पण एका दुमडलेल्या माणसासाठी हजारावर घडे कोणी ठेवत नाही. हा साठा दुसऱ्या कोणाच्या तरी मानाचा होता. शोध पुढे चालू ठेवल्यावर भक्कम विटांत कापून पुन्हा भरलेला एक मोठा चौकोनी भाग दिसला. भरावात खाली पहारेकऱ्यासारखा पुरलेला एक माणूस मिळाला. त्याच्याजवळ तांब्याचं शिरस्त्राण आणि ढाल होती, पण पावलं नव्हती. त्याच्या खाली कुजलेल्या १७ लाकडी तुळयांचे माग, त्याखाली दफनाची खोली आणि तांब्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या फळ्यांची शवपेटी. खोलीच्या भिंतींतल्या कोनाड्यांतही आणखी घडे होते. म्हणजे मातीची भांडी दोन ठिकाणी होती: काही स्वामीच्या अगदी जवळ आणि मोठा जमाव बाहेर, वेगळ्या जागेत. सोन्याच्या गडबडीत हा फरक मागे पडतो.

जमावात कोण कोण होतं

कमरेचं सुद्धा काढून घेतलेले, गळ्यात दोर असलेले कैदी. योद्धे. वादक. नुसते बसलेले पुरुष. यांतले काही घडे प्रसंगाप्रमाणे रचलेले होते: वादक आणि कैदी यांनी कडं केलेलं आणि मध्ये, त्यांच्यापेक्षा वरच्या दर्जाची माणसं. अशी रचना आपोआप होत नाही. कोणीतरी त्या जागेत उतरून, कुठला घडा कुठे हे ठरवून ते लावलेले आहेत.

मोचे चित्रकलेत कैद्यांचा बळी आणि त्यांचं रक्त पेल्यातून उच्चपदस्थाला देण्याचा एक ठरलेला प्रसंग वारंवार दिसतो. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी १९७०च्या दशकात तो चित्रांवरून ओळखून मांडला होता. सिपानच्या स्वामीच्या अंगावरचे दागिने आणि शिरपेच त्याच प्रसंगातल्या मुख्य योद्ध्याशी जुळले, तेव्हा चित्रातली पात्रं ही खरी पदं होती आणि खरी माणसं ती भूषवत होती, हे स्पष्ट झालं. त्या प्रकाशात मातीचे कैदी आणि वादक म्हणजे त्याच समारंभातला गोतावळा.

एक सोपं स्पष्टीकरण मात्र इथे चालत नाही. ‘खऱ्या माणसांऐवजी मातीची’ हा तर्क चीनच्या सैनिकी मूर्तींवरून लोकांच्या तोंडी बसला आहे. सिपानमध्ये स्वामीबरोबर खरी माणसंही पुरलेली आहेत, कुत्रा आहे, लामा आहेत. माती कोणाच्या बदली आली नव्हती, ती माणसांच्या जोडीला आली होती. ती का, याचं आमच्या मते जास्त पटणारं उत्तर संख्येत आहे. पदाला शोभेल इतकी गर्दी माणसांनी भरता येत नाही, साच्याने भरता येते.

एक घडा बनतो कसा

मोचे कुंभारांना चाक ठाऊक नव्हतं. त्यांचं मुख्य हत्यार दोन तुकड्यांचा साचा. आधी भरीव मातीची मूळ मूर्ती करून भाजायची. तिच्यावर ताज्या मातीचा जाड थर दाबायचा, दोन्ही बाजूंनी उभा छेद देऊन पुढचा आणि मागचा असे दोन भाग सोडवायचे, वाळवून भाजायचे. झाला साचा. भाजलेला साचा सच्छिद्र राहतो, आणि तसाच तो हवा असतो, कारण त्याने ओल्या मातीतलं पाणी शोषून घ्यायचं असतं.

घडा काढताना मळलेल्या मातीची अर्धा ते पाऊण सेंटिमीटर जाडीची पोळी प्रत्येक अर्ध्या भागात बोटांनी दाबायची. नाक, हनुवटी, गुडघे अशा खोलगट जागी आधी मातीची छोटी गोळी दाबून मग पोळी बसवतात, नाहीतर तिथे हवा अडकते आणि नाक चपटं उतरतं. कडा खरवडून, पातळ चिखल लावून दोन्ही भाग जोडायचे. मानेच्या भोकातून बोट किंवा काडी घालून सांधा आतून लिंपायचा. माती कडक व्हायला लागली की ती आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. मग गळा चिकटवायचा, बाहेरचा सांधा खरवडायचा, पांढुरक्या आणि तांबड्या मातीचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं, सावलीत वाळवायचं आणि उघड्या आव्यात भाजायचं. उघड्या आव्याची उष्णता साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस इतकी चढते. ती सगळीकडे सारखी मात्र नसते.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. साचा पुरता वाळण्याआधी पुन्हा वापरला तर माती चिकटते आणि चेहऱ्याचा पापुद्रा साच्यातच राहतो. एक पोळी ओली आणि दुसरी कोरडी असली तर आकसणं वेगवेगळं होतं आणि सांधा आव्यात उघडतो. मधला भाग जाड राहिला आणि आत ओल असली तर वाफेने तो फुटतो. जळणाला चिकटून राहिलेल्या बाजूवर काळे डाग पडतात. चांगल्या कारागिराचा वेळ जातो तो सांधा मिटवण्यात आणि घोटण्यात, आणि घाईच्या कामात पहिली काटछाट तिथेच होते. सिपानच्या साठ्यातल्या बहुतेक घड्यांवर असा वेळ घातलेला नाही. ते हलक्या कुंभारांचं काम होतं, असं यावरून लगेच ठरवू नये. मागणी ठरावीक मुदतीत पुरी करायची होती, असाही त्याचा अर्थ निघतो.

हिशेब करून पाहता येतो. कोरड्या किनारी हवेत एका साच्यातून दिवसाला तीन घडे निघतात असं धरलं आणि दहा साचे चालू ठेवले, तर दिवसाला ३० घडे. दहातला एक वाया जातो असं मानलं तर १,१३७ चांगले घडे मिळायला सुमारे १,२६० काढावे लागतील. म्हणजे नुसतं साच्याचं काम ४२ दिवसांचं. त्यात वाळवणं आणि भाजणं मिळवलं की दोन महिने. साचे वीस केले तर मुदत बरीच खाली येते. हे आकडे गृहीतकं आहेत, पण त्यांतून आवाका कळतो: एक मध्यम कारखाना एका हंगामात हे करू शकतो. असे कारखाने होते, याचा पुरावा जमिनीत आहे. चिकामा खोऱ्यातल्या सेर्रो मायाल इथे आणि मोचे खोऱ्यातल्या दोन मोठ्या वाकांमधल्या वस्तीत साचे आणि वाया गेलेला माल मिळाला आहे.

कुठले घडे एकाच साच्यातले, हे मोजून ठरवता येतं. डोळ्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, नाकपुड्यांची रुंदी, भुवईपासून हनुवटीपर्यंतची उंची अशी साच्याने ठरवलेली मापं घ्यायची. गळ्याची उंची आणि तळाची रुंदी घ्यायची नाही, कारण त्या हाताने बदलतात. एकाच साच्यातल्या घड्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक मातीमुळे आणि भाजणीमुळे पडतोच. आकृती तंतोतंत तीच पण सगळी मापं आठ-दहा टक्क्यांनी कमी असली, तर तयार घड्यावरून दुसरा साचा काढलेला असतो, कारण प्रत्येक पिढीत माती पुन्हा आकसते. साच्याला पडलेला एखादा टवका त्यानंतरच्या प्रत्येक घड्यावर उठतो, त्यावरून आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले हाही क्रम लागतो.

उलटं उदाहरण: न भाजलेले कैदी

त्रुहियो शहराजवळच्या वाका दे ला लूना इथे, ‘३-ए’ म्हणून नोंदलेल्या प्रांगणात, पुरातत्त्वज्ञ स्टीव्ह बूर्जे यांनी १९९५पासून खोदकाम केलं. जोराच्या पावसाने आलेल्या चिखलाच्या थरांत ७०हून अधिक पुरुषांची हाडं होती. कापल्याच्या खुणा मानेच्या मणक्यांवर होत्या. त्यांच्यामध्ये विखुरलेले मातीच्या मूर्तींचे तुकडे जुळवल्यावर किमान ५० मूर्ती मोजता आल्या. बसलेले नग्न पुरुष, गळ्यात दोर. विषय सिपानच्या कैद्यांचाच. पण माती कच्ची, आणि मूर्ती मुद्दाम फोडलेल्या.

सिपानमधली मातीची माणसं भाजून, अखंड, रचून ठेवलेली. इथली कच्ची, फोडून बळींच्या देहांत टाकलेली. स्वामीच्या दफनात मातीच्या कैद्याने टिकायचं होतं, बळीच्या प्रांगणात त्याने मोडायचं होतं. मोडलेल्या, विखुरलेल्या स्थितीची नोंद झाली म्हणून हे कळलं. तुकडे गोळा करून, चिकटवून, नुसत्या अखंड मूर्ती कपाटात ठेवल्या असत्या तर फोडण्याची बाब गळून पडली असती.

असा साठा उचलायचा कसा

वरचा थर दिसला की पहिला मोह एक छान चेहरा बाहेर काढण्याचा असतो. तो टाळायचा. आधी जागेवर चौकटी आखून वरून फोटो घ्यायचे आणि प्रत्येक घड्याला तो हलवण्याआधी क्रमांक द्यायचा. क्रमांकासोबत चार गोष्टी लागतात: आडव्या दोन दिशांतलं स्थान, तळाची आणि तोंडाची खोली, तोंड कुठल्या दिशेला, आणि कुठल्या घड्याला टेकलेला किंवा कुठल्याच्या वर. तोंडाची दिशा बहुतेक नोंदवह्यांत राहून जाते. सिपानसारख्या मांडणीत तीच सगळ्यात मोलाची, कारण कडं करून मध्ये बघणारे वादक आणि सहज पडलेले वादक यांच्यात फरक तेवढाच. घडा कलंडलेला असेल तर तो मूळचाच तसा की भरावाच्या वजनाने सरकला, हे खालच्या मातीचा ठसा पाहून ठरवतात, आणि तो ठसा घडा उचलल्यावर काही मिनिटांतच ढासळतो.

घड्यातली माती तिथेच ओतून टाकायची नाही. तळाशी अन्नाचे अवशेष, परागकण, लोकर असू शकते. ती घड्याच्याच क्रमांकाच्या पिशवीत जाते.

पेरूच्या किनाऱ्यावरचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. कोरड्या मातीतले क्षार घड्याच्या भिंतीत शिरलेले असतात. संग्रहालयाच्या दमट हवेत ते विरघळतात, कोरड्या दिवशी पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि लेपाचे पापुद्रे उडवतात. घडा सापडल्यावर ठणठणीत दिसतो आणि दोन वर्षांनी चेहरा सोलून निघतो, याचं कारण हे. चांगल्या भाजलेल्या घड्याचं मीठ क्षारमुक्त पाण्यात बुडवून, पाणी बदलत बदलत काढतात. पाण्याची विद्युतवाहकता दररोज मोजायची आणि ती एका पातळीवर स्थिरावली की थांबायचं. लेप सुटा असेल तर आधी तो पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेच्या पातळ द्रावणाने धरून ठेवायचा. कमी भाजलेला घडा पाण्यात घालायचा नाही, आणि कच्च्या मातीच्या मूर्तीला तर ओला कुंचलाही लावायचा नाही. हवेतली आर्द्रता स्थिर ठेवणं एवढाच तिथे उपाय. नळाच्या पाण्याने धुणं ही सगळ्यात जुनी आणि अजून चालू असलेली चूक.

मांडणी हरवली की

सिपानच्या चोरांनी हाच साठा आधी गाठला असता तर काय झालं असतं, याची कल्पना पेरूच्या मध्य किनाऱ्यावर येते. चांकाय संस्कृतीच्या (साधारण इ.स. १००० ते १४७०) दफनभूमी तिथे मैलोन्‌मैल खणून चाळलेल्या आहेत. वाकेरो लांब सळई जमिनीत खुपसतात, सळई सहज उतरली की थडगं. कापड आणि धातू आधी, मग मूर्ती, आणि खापरं तशीच पसरून ठेवलेली.

या दफनांतल्या मूर्तींना कूचिमिल्को म्हणतात. उभ्या, रुंद चपट्या डोक्याच्या, आखूड हात दोन्ही बाजूंना पसरलेल्या किंवा वर केलेल्या, पांढुरक्या लेपावर काळपट रंगाने चेहरा रेखलेला. अनेकदा स्त्री-पुरुषाची जोडी. काहींच्या डोक्याला भोकं असतात, ती केस किंवा शिरोभूषण बांधण्यासाठी, आणि काहींना खरे विणलेले कपडे घातलेले असत. २०१९च्या लिमा इथल्या पॅन अमेरिकन स्पर्धेचं शुभंकर ‘मिल्को’ यांच्यावरूनच घेतलं होतं. जगभरच्या संग्रहालयांत त्या भरपूर आहेत. आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल थडगं कोणाचं, जोडी होती का, हात कोणाकडे पसरलेले, याची नोंद नाही. बाजारात कपडे वेगळे विकले गेले, मूर्ती वेगळी, जोडीतली एक एका देशात आणि दुसरी दुसऱ्या देशात.

अशी सुटी मूर्ती समोर आली तर तपासण्यासारखं थोडंच उरतं. सांध्याची जागा आणि आतले बोटांचे ठसे बघायचे. बोटांचे ठसे नसलेली, आतून गुळगुळीत भिंत म्हणजे पातळ माती ओतून केलेलं आधुनिक काम. क्षकिरणांत गळा किंवा हात वेगळ्या घनतेचे दिसले तर दुसऱ्या मूर्तीचे तुकडे जोडलेले. चांकायचा लेप मुळातच भुकटीसारखा, बोटाला येणारा. तो कडक आणि चकाकता असेल तर वरून काहीतरी फासलेलं आहे. ताप-दीप्ती चाचणीसाठी तळाला बारीक भोक पाडून थोडी भुकटी घेतात. त्यातून शेवटची भाजणी किती जुनी याचा अंदाज मिळतो, पण अचूकता वीसेक टक्क्यांच्या आसपास. भोक जिथे पाडलं तेवढाच तुकडा जुना असू शकतो, म्हणून दोन जागांहून नमुना घ्यावा. यातली कुठलीही चाचणी मूर्ती कोणत्या थडग्यातली हे सांगत नाही.

पेरूने १९२९च्या ६६३४ क्रमांकाच्या कायद्याने स्पॅनिश आगमनापूर्वीचे अवशेष राष्ट्राचे ठरवले आणि २००४च्या २८२९६ क्रमांकाच्या कायद्याने ते संरक्षण नव्याने बांधलं. सिपानच्या वस्तूंवर अमेरिकेने १९९०मध्ये तातडीची आयातबंदी घातली, आणि १९९७च्या द्विपक्षीय कराराने ती पेरूच्या इतर प्राचीन वस्तूंपर्यंत नेली. त्याच वर्षी सिपानहून चोरलेलं सोन्याचं एक पाठकवच फिलाडेल्फियात एफबीआयने पकडलं. मागणी १६ लाख डॉलरची होती. अशा छाप्यांत सोनं परत येतं. साध्या साच्यातल्या घड्यासाठी कोणी सापळा रचत नाही, आणि तो परत आलाच तर ‘मोचे, साच्यातला, जागा अज्ञात’ एवढ्याच चिठ्ठीवर कपाटात जातो.

सिपानचा ऐवज २००२पासून लाम्बायेकेच्या राजसमाध्यांच्या संग्रहालयात आहे. तिथे जाणाऱ्याने वरून खाली उतरायचं, ज्या क्रमाने खोदकाम खाली गेलं त्याच क्रमाने. सोन्याच्या दालनाकडे धावण्याआधी मातीच्या घड्यांपाशी थांबून कडेचे सांधे पाहावेत. घाई कुठे झाली ते तिथे दिसतं.